आतल्या खोलीचा पासवर्ड

मामाच्या घरातलं मला सगळ्यात आधी आठवतं ते रडणं. घरातल्या कुणाचं नव्हे, लग्नाच्या शूटिंगमधलं. चौसाळ्याला हायवेच्या कडेला मामाचा फोटो स्टुडिओ होता. पुढं दुकान, दुकानाच्या मागं घर, आणि घराच्या अगदी मागच्या टोकाला एक बिनखिडकीची खोली, जिच्यात पूर्वी ज्वारीची पोती रचलेली असत. पोती निम्म्यावर आली, कॉम्प्युटर आला, आणि त्याच्यापुढं मी बसले. आसपासच्या गावांतल्या नवऱ्या माझ्या कानाशी दिवसभर रडायच्या. हळद, मंगलाष्टकं, पंगती या सगळ्यावर मी कात्री चालवायचे, पण पाठवणीला हात लावायचा नाही असा मामाचा हुकूम होता. "रडनं जितकं लांब, तितकं गिऱ्हाईक खूश," तो म्हणायचा. एकेक नवरी आईच्या गळ्यात पडायची ती सुटायचीच नाही, आणि मी तिच्या हुंदक्यांखाली सनई जोडून पुढच्या लग्नाकडं वळायचे. पुढं माझं लग्न झालं तेव्हा शूटिंग नव्हतं. असतं तरी पाठवणी आखूडच झाली असती, कारण मी रडले नाही.

माझी मुलगी हे वाचते आणि म्हणते, आई, तुझं वय काय आणि तू लिहितेस म्हातारीसारखं. तिला काय सांगू? माझी गर्भपिशवी काढली तेव्हा माझ्या वर्गातल्या कितीतरी पोरींची पहिली बाळंतपणं चालली होती. उसाच्या फडात गेलेली वर्षं इतरांच्या वर्षांएवढी नसतात. मी म्हातारीसारखं नाही लिहिणार तर कोण लिहिणार?

आमची वस्ती शिरूर कासारच्या बाजूला. दसरा झाला की आईबाप कारखान्यावर ऊस तोडायला जायचे ते उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचे. आमच्याकडं नवराबायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला मुकादम विचारत नाही. दहावीपर्यंत मी वस्तीवर चुलतीपाशी राहिले, पुढं मामानं आणलं. "भाची हाय माझी. बारावी करंल, कुठंतरी नर्सबिर्स व्हईल," असं तो चारचौघांत म्हणायचा आणि ऐकणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचा. त्यानं मला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं हे खरं, आणि कॉलेज आणि क्लास सोडला तर उरलेला सगळा वेळ आतल्या खोलीत बसवलं हेही खरं. आधी तिथं पगारी माणूस होता. मी फुकट बसत होते याचं मला काही वाटत नव्हतं. मला बारावी पाहिजे होती. बारावीशिवाय नर्सिंगला घेत नाहीत, आणि नर्सिंग नाही तर कोयता, एवढं मला तेव्हाही स्वच्छ कळत होतं.

मामीचं नाव गोदावरी. तिच्या हाताला चव होती हे तिच्या वैऱ्यानंही कबूल करावं, आणि मी तिची वैरीणच आहे. येसराची आमटी करावी तर तिनंच, हुलग्याची शेंगोळी करावी तर तिनंच. फोडणी पडली की वास दुकानात जायचा आणि फोटो काढायला खुर्चीत बसलेलं माणूस मान वळवायचं, मग मामा ओरडायचा, "हलू नगा." बाहेर हायवेवरून उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जायचे. दुपारी लाइट गेली की आतला यूपीएस शिट्ट्या मारायला लागायचा आणि मामी चुलीपासून हाक मारायची, "कौशे, तुझं लेकरू रडायलंय." कौशी म्हणजे मी, कौसल्या. मी हातातलं टाकून पळायचे आणि शिट्टी थांबायच्या आत कॉम्प्युटर बंद करायचे. त्या दिवसांत मामी हसायची सुद्धा.

दुकानात एक कॉम्प्युटर आणि आतल्या खोलीत एक. दोन्हींच्या मधून एक निळी वायर गेलेली होती. दुकानातून स्वयंपाकघरात, देव्हाऱ्याच्या वरून, भिंतीच्या भोकातून आत. फोडणीच्या धुरानं ती काळी, चिकट झाली होती आणि गुरुवारी देव पुसताना मामी तीही पुसायची. सगळी लग्नं आतल्या कॉम्प्युटरमध्ये भरलेली असत. मामा दुकानात बसल्या जागी त्या वायरीवरून आतलं फोल्डर उघडायचा, गिऱ्हाइकाला फोटो दाखवायचा, निवडलेले छापायचा. पासवर्ड दोन्हीला नव्हता. आमचं दार सकाळी उघडायचं ते झोपतानाच लागायचं, त्या घरात कॉम्प्युटरला कुलूप कशाला, असं मामाच म्हणायचा.

दिवाळीला दादा आला. दादा म्हणजे मामाचा एकुलता एक संदीप, औरंगाबादला कॉम्प्युटरच्याच इंजिनिअरिंगला होता. त्याला मामी ताटाखाली पाट द्यायची आणि पाटाखाली सतरंजी. त्यानं आतला कॉम्प्युटर दोन-चार वेळा चालू-बंद केला आणि सांगितलं की हे खटारं झालंय, सगळं पुसून नवी सिस्टीम टाकावी लागेल. टाकली. लग्नांची फोल्डरं बाजूला काढून पुन्हा जागेवर ठेवली, हेही नीट केलं, उगीच कशाला खोटं बोलू. कीबोर्डमध्ये चिवडा सांडला तो मी नंतर सुईनं काढला. मग संध्याकाळच्या गाडीनं तो परत गेला, आणि दुकानातून आतलं उघडतंय का हे बघायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी धारूरकडचं एक गिऱ्हाईक अल्बम निवडायला आलं. मामानं नेहमीसारखं आतल्या कॉम्प्युटरचं चित्र दाबलं, तर फोल्डरच्या जागी एक करडी चौकट आली. वर नाव विचारत होती, खाली पासवर्ड. मामानं स्वतःचं नाव घातलं. दुकानाचं घातलं. मोबाइलचा नंबर घातला, खंडोबा घातला, मग काहीच न घालता नुसतं बटण दाबलं. चौकट क्षणभर जायची आणि पुन्हा तशीच पुढं उभी राहायची. मी आत जाऊन बघितलं तर आतला कॉम्प्युटर काही न विचारता सरळ उघडत होता, सगळी लग्नं जिथल्या तिथं. मी तसं मामाला सांगितलं. सांगायला नको होतं. त्यानं गिऱ्हाइकाला चहा सांगितला आणि दादाला फोन लावला. फोन मोठ्यानं बोलायचा, सगळं ऐकू येत होतं. "म्या कशाला पासवर्ड टाकू?" दादा म्हणाला. "तिथं आत कोन बसतंय?"

आत कोण बसतंय. एवढंच. पुढचं सगळं या एका वाक्यातून निघालं.

मामा रागीट नव्हता. रागीट माणूस ओरडून मोकळा होतो. मामा विचार करायचा. त्यानं संध्याकाळी मला समोर बसवलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "कौशे, मशीन मी आनलं. घर माझं, लाइट माझी. ते मला इचारतंय तू कोन म्हणून. आन् तुला इचारत न्हाई. कावून?"

"मामा, मला ठाव न्हाई. पासवर्डच न्हाई त्याला."

"पासवर्ड न्हाई तर मागतंय कशाला?"

तो प्रश्न मलाही पडला होता. मामीला मात्र उत्तर सापडलं होतं. दाराच्या चौकटीला टेकून ती म्हणाली, "आपल्याबगर ह्यांचं चालू ने म्हणून कुलूप घातलंय तिनं. बारावी होईस्तोर भाकरीची सोय. लई पोचलेली हाय, तुमची भाची."

मग गिऱ्हाइकाला फोटो दाखवायचे कसे? मामानं पेन ड्राइव्ह आणला. तो हरवू नये म्हणून मामीनं त्याला काळा दोरा ओवला, वासराच्या गळ्यात घालतात तसला जाड, आणि माझ्या गळ्यात बांधला. गाठ मागं मारली, मला सोडता येऊ नये अशी. लग्नसराई सुरू झाली होती. दुकानातून हाक आली की मी आतून फोटो भरून घ्यायचे, दुकानात जायचे, मामाच्या खुर्चीपाशी वाकायचे, आणि तो माझ्या गळ्यातून न काढताच पेन ड्राइव्ह मशीनला लावायचा. फोटो उतरून होईपर्यंत मी तशीच वाकून उभी. गिऱ्हाईक बघायचं. एकदा एका बाईनं विचारलं, "पोरीला असं कावून बांधलंय?" मामा हसून म्हणाला, "तिलाच इचारा. तिच्यापाशी किल्ली हाय." ती बाईही हसली.

माझं ताट मोरीपाशी गेलं. ज्या आमटीचा वास हायवेपर्यंत जायचा ती माझ्या वाटीत यायची बंद झाली. कोरडी भाकरी आणि वर चिमूटभर चटणी, आणि वाढताना मामी रोज तेच विचारायची, "आठवला का गं?" जणू मला ताप आहे आणि ती मायेनं विचारपूस करतेय. शेजारची बाई आली की तिच्यादेखत मुद्दाम विचारायची. मी नाही म्हटलं की दोघी एकमेकींकडं बघायच्या. मला आज सुद्धा कुणी जेवताना काही विचारलं तर घास गिळवत नाही. घरात सगळ्यांना माहीत आहे, मी जेवत असताना कुणी बोलत नाही.

तरी मी टिकून होते, कारण रात्री अभ्यास चालू होता. ते मामाच्या ध्यानात आलं. एके सकाळी त्यानं माझी पुस्तकं, वह्या, कॉलेजचं ओळखपत्र सगळं उचललं, लोखंडी कपाटात ठेवलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. "तू आमचं उघड," तो म्हणाला, "आमी तुजं उघडतो." आवाज चढवला नाही. त्याला वाटलं, हा अगदी बरोबरीचा न्याय झाला. त्या दिवशी मी आतल्या खोलीत जाऊन एका पाठवणीचा आवाज पुरता चढवला आणि त्या नवरीच्या रडण्यात रडून घेतलं. मामीला कळलं नाही.

शेवटी बेलभंडाऱ्याचं मामीनंच काढलं. आमच्याकडं चोरी, बदफैली, शेजाऱ्याचा बांध कोरणं, काहीही असो, माणूस नाही म्हणत असेल तर त्याला अंघोळ घालून ओलेत्यानं देवापुढं उभं करतात, हातावर बेलाचं पान आणि खंडोबाचा भंडारा ठेवतात आणि बोलायला लावतात. भंडारा म्हणजे हळदच, पण ती हातावर घेऊन कुणी खोटं बोलत नाही. बोललं तर त्या माणसाला घरात ठेवत नाहीत, कारण त्याचं पाप घरातल्या लेकराबाळांवर उतरतं म्हणतात. ऐतवारी सकाळी मामीनं माझ्या डोक्यावर गार पाणी ओतलं. थंडी अशी होती की दात वाजत होते. देव्हाऱ्यापुढं उभी राहिले तर डोक्यावर ती निळी वायर. मामीनं एकेक शब्द सांगितला आणि मी म्हणत गेले. आतल्या कॉम्पुटरला पासवर्ड न्हाई. म्या घातला न्हाई. खोटं असंल तर खंडोबा माझं वाटोळं करंल. मी हे बिनघोर म्हटलं. मला तर बरं वाटत होतं. खरं बोलायचं होतं आणि कुणीतरी ऐकून घेत होतं.

त्यानंतर काही दिवस फार चांगले गेले. मामानं कपाट उघडलं. मामीनं गळ्यातला दोरा विळीवर कापला आणि माझं ताट चुलीजवळ आलं. आमटी वाढताना ती माझ्याकडं बघत नव्हती, पण वाटी भरून वाढत होती. मशीनच बिघडलंय, असं घरात ठरलं. इथं मी गप्प बसले असते तर बारावी झाली असती. पण मला गप्प बसवेना. ती चौकट काय आहे हे मला कळायला पाहिजे होतं, आणि ती मीच घालवणार असा माझा हट्ट होता.

क्लासच्या सरांना मी सगळं सांगितलं, गळ्यातला दोरा तेवढा वगळून. सर खताच्या दुकानावरच्या माडीवर क्लास घ्यायचे, तरुणच होते. त्यांनी विचारलं, "आतल्याला पासवर्ड आहे का?" मी म्हटलं, नाही. "म्हणूनच," ते म्हणाले आणि हसले. मग समजावून सांगितलं. नव्या सिस्टीममध्ये कॉम्प्युटरपुढं स्वतः बसणाऱ्याला रिकामा पासवर्ड चालतो. पण वायरीवरून येणाऱ्याला रिकामा चालत नाही. ज्याला कुलूपच नाही त्या घरात लांबून कुणीही शिरेल, म्हणून मशीनच त्याला आत घेत नाही. चौकट पासवर्ड मागते, तुम्ही रिकामी सोडता, ती नाही म्हणते, पुन्हा मागते. "जन्मभर मागत बसंल," सर म्हणाले. "आतल्याला एक पासवर्ड देऊन टाक. तोच बाहेर घाल. उघडतं." क्लासमधल्या दोन मशीनवर त्यांनी मला स्वतःच्या हातानं करून बघायला लावलं. उघडलं. मी माडीचा जिना उड्या मारत उतरले. आयुष्यात मला एवढा आनंद फार थोड्या वेळा झालाय, आणि कशाचा, तर एका फोल्डरचा.

घरी आले. नाताळच्या सुट्टीला दादा आलेला होता, टीव्हीपुढं लोळत होता. मी कुणाला काही न सांगता आत गेले आणि कॉम्प्युटरला पासवर्ड दिला. काय द्यावा याचा थोडा विचार केला. सगळ्यांच्या लक्षात राहील असा पाहिजे होता. मी मामीचं नाव दिलं. ती खूश होईल असंही वाटलं, तेवढी लाचार मी तेव्हा होते. मग दुकानात आले, मामाला म्हटलं, "मामा, आता बगा." चौकट आली. मी पासवर्ड घातला आणि सगळी लग्नं एकाखाली एक उघडली.

"उघडलं की गं," मामा म्हणाला. खरोखर हरखला होता. त्यानं आत हाक मारली, "अगं ए, उघडलं बग." मामी पिठाच्या हातानं आली, मागून दादाही आला.

"काय केलंस?" मामानं विचारलं.

"पासवर्ड टाकला."

"कोनचा?"

"गोदावरी."

मामी माझ्याकडं बघतच राहिली. "माझं नाव," ती म्हणाली. आणि मग, "म्हंजी पासवर्ड व्हता."

"नव्हता, मामी. आत्ता घातला. नव्हता म्हणूनच उघडत नव्हतं. आता घातला म्हणून उघडायलंय."

हे बोलताना ते कसं ऐकू येतंय हे माझं मलाच कळत होतं. मी पुन्हा सांगितलं, सरांनी सांगितलं तसं, हळूहळू. जितकं जास्त सांगत गेले तितकं ते जास्त खोटं वाटत गेलं. मामीनं पदराला हात पुसले. "कुलूप नव्हतं म्हणून दार उघडत नव्हतं, आन् कुलूप घातलं की उघडलं. येडं समजतीस व्हय गं आमाला? माझ्याच नावाचं कुलूप घातलंस, आन् माझ्याच देवाम्होरं भंडारा उचललास."

मामा दादाकडं वळला. "तू शिकतूस हे. तू सांग."

दादानं स्क्रीनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. त्याच्या तोंडावर काय होतं ते मी पुढं कितीतरी वेळा आठवून बघितलं आहे. तो म्हणाला, "पासवर्ड असल्याबगर ही चौकट उघडत न्हाई, बाबा." आणि टीव्ही चालू राहिला होता म्हणून आत गेला.

यात एक शब्द खोटा नव्हता.

आता भांडण पासवर्डचं राहिलं नाही. पासवर्डची खोडी मामानं माफही केली असती, काम सुरू झालं होतं. पण भंडारा हातावर घेऊन खोटं बोललेलं माणूस घरात कसं ठेवायचं? मामी दिवसभर दादाच्या अंगावरून मीठ-मोहऱ्या उतरवत होती. मामानं मुकादमाच्या मोबाइलवर फोन करून माझ्या बापाला निरोप दिला, पोरीला घेऊन जा. दोघं आले असते तर फड बंद पडला असता, म्हणून आई एकटी आली. बाप मागं अर्धा कोयता. आई दुकानाच्या पायरीवर बसली, आत आली नाही. हाताला पाचटाचे ओरखडे आणि केसांत उसाचं कूस. भावानं बोलावल्याशिवाय ती त्याच्या घरात कधी जात नसे आणि त्या दिवशी त्यानं बोलावलं नाही.

मामानं तिच्यापुढं तोड ठेवली. कौशीनं पुन्हा ओलेत्यानं उभं राहावं, भंडारा उचलावा आणि म्हणावं की आधी मी खोटं बोलले. देवाला नारळ फोडू, पाप धुऊन निघेल, बारावी होईपर्यंत राहू दे. तो हे मनापासून सांगत होता, मी मघाशी म्हटलं तसं तो विचार करणारा माणूस होता. मामीनं बेल सुद्धा आणून ठेवला होता.

"म्हण की गं," आई म्हणाली. "दोन शब्दच हायेत. म्हण, आन् परीक्षा दे."

मी म्हटलं, "आई, ते म्हटलं तर ते खोटं व्हईल. आत्तापर्यंत म्या भंडाऱ्यावर खोटं बोलले न्हाई."

आईला हे कळलं नाही. तिला एवढंच दिसत होतं की दोन शब्दांवर पोरीची बारावी अडली आहे आणि पोर ते दोन शब्द बोलत नाही. माझी मुलगी विचारते, तू म्हणून का टाकलं नाहीस, देव काय करणार होता? देवाचं मला तेव्हाही फारसं वाटत नव्हतं. मला वाटत होतं की ही माणसं मला खोटं बोलायला लावून खरं बोलल्याची माफी देतायत, आणि ती माफी मला नको होती. हट्ट होता. त्याची किंमत नंतर कळली, पण आज पुन्हा कुणी ओलेत्यानं उभं केलं तरी मी म्हणणार नाही.

एस.टी.त आई खिडकीशी बसली. बीड मागं पडलं. मग म्हणाली, "खरंच नव्हता का पासवर्ड?"

"नव्हता."

"मग आता कुठनं आला?"

मी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पदर तोंडावर ओढून झोपली. ती वारेपर्यंत, दर दसऱ्याला कोयत्याला धार लावताना, मला एकदा तरी विचारायची, "कौशे, आता तरी सांग." परीक्षा सुरू झाली त्या दिवशी मी कारखान्याच्या तळावर मोळ्या बांधत होते. कॉलेजच्या पोरी कुठल्या रंगाचा ड्रेस घालून गेल्या असतील याचा विचार करत होते, पेपरचा नाही. पुढच्या वर्षी मला जोडी लावून दिली आणि आमचा एक पुरा कोयता झाला.

मागच्या वर्षी मुलीची बारावी झाली. चांगल्या मार्कांनी झाली, आणि नर्सिंगच्या फॉर्मला तिचा फोटो पाहिजे होता. फोटो कुठंही निघाला असता. मी तिला मुद्दाम चौसाळ्याला घेऊन गेले. मामा केव्हाच वारला होता. दुकानात दादा बसला होता, पोट सुटलेलं, कपाळ मागं गेलेलं. त्याच्या इंजिनिअरिंगचे विषय राहिले ते राहिलेच, हे मला आधीच कळलं होतं आणि कळलं तेव्हा मी दुप्पट जेवले होते. कोपऱ्यात मामी पाटावर बसून शेंगा फोडत होती. कानानं अधू झाली होती. तिनं मला ओळखलं, माझ्या मुलीला पाया पडू दिलं, आणि तोंड भरून आशीर्वाद दिला. जुन्या गोष्टीचं तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

दादानं फोटो काढला. कॉम्प्युटर नवे होते, पातळ, पण देव्हाऱ्यावरून आत गेलेली वायर तीच, किंवा तसलीच दुसरी. छापायचं मशीन आता आतल्या खोलीत होतं. मघाशी लाइट जाऊन आलेली, त्यामुळं फोटो आत पाठवताना पुढं एक चौकट आली. आता ती करडी नव्हती, पांढरी होती, पण मी तिला कुठंही ओळखलं असतं. दादा एका बोटानं टाइप करतो. त्याचं बोट कुठल्या अक्षरावरून कुठल्या अक्षरावर जातंय ते मी काउंटरच्या या बाजूनं बघत होते. पहिली चार अक्षरं पडेपर्यंत मला खात्री होत नव्हती. मग झाली.

"अजून तोच हाय व्हय?" मी विचारलं.

"कोनचा?" त्यानं वर बघितलं, मग हसला. "हां. तोच हाय. सगळ्यांना पाठ झालाय."

"काढून का न्हाई टाकला?"

"काढला तर आतलं उघडत न्हाई," तो म्हणाला. "रिकामा चालत न्हाई त्याला, वायरीवरून."

माझ्या मुलीनं माझा दंड धरला. तिला ही गोष्ट पाठ आहे.

"हे तुला कवापासून म्हाइत हाय?" मी विचारलं.

"लई दिवसांपासून. पहिल्याच वर्षाला असतंय की ते," दादा म्हणाला आणि आत छापायला गेला. फोटो कापून, पाकिटात घालून घेऊन आला. पाकीट माझ्या पुढं ठेवताना त्याला बहुधा काहीतरी आठवलं, कारण त्यानं हात मागं घ्यायला जरा वेळ लावला. मामीनं शेंगा फोडता फोडता मान वर केली.

"काय म्हंतीय रं ती?"

"काय न्हाई," दादा मोठ्यानं म्हणाला. "फोटोचं इचारायलीय."